शाळा सुटल्यावर मूल कुणाकडे?

दुपारी पावणेदोनला आमच्या इमारतीखाली शाळेची रिक्षा थांबते. दुसरीतला एक मुलगा उतरतो, जिना चढतो आणि समोरच्या घराला कुलूप असतं म्हणून माझी बेल वाजवतो. पहिले तीन आठवडे तो आत यायचा, बूट काढायचा, पण दप्तर काढायचा नाही. पाठीला दप्तर तसंच ठेवून दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. "टेकव रे ते, खांदे दुखतील," म्हटलं की नुसती मान हलवायचा. सव्वासातला जिन्यात ताईंची चाहूल लागली की टुणकन उठायचा.

ताई त्याची आई नाहीत. त्याला आई आहे, पण ती त्याला सांभाळण्याच्या अवस्थेत नाही. म्हणून त्याला दत्तक देता येत नाही, आणि तो बालगृहात वाढू नये असं बाल कल्याण समितीला वाटलं, म्हणून तो ताईंकडे आला. कायद्याच्या भाषेत त्या प्रतिपालक. बोलताना सगळे 'फॉस्टर केअर'च म्हणतात. ताई एकट्या आहेत, एक्केचाळीस वर्षांच्या, एका खासगी दवाखान्यात हिशेबाचं काम करतात. सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

माझ्याकडे यायच्या आधी तो दोन गल्ल्या पलीकडच्या एका पाळणाघरात जात होता. महिन्याला साडेतीन हजार रुपये, शाळेनंतरचे पाच तास, जेवणाचा डबा घरचा. दीड महिन्यात काकूंनी ताईंना बोलावून घेतलं. मुलांचे कपडे ठेवायच्या कपाटामागे त्यांना पोळीचे तुकडे सापडले होते, वाळलेले, काही बुरशी आलेले. तो रोज डब्यातली अर्धी पोळी लपवून ठेवत होता. काकू म्हणाल्या, "ताई, पोरगा वाईट नाही हो. पण माझ्याकडे चौदा मुलं आहेत. कपाटाला मुंग्या लागल्या. बाकीच्यांच्या आया विचारतात, हा कोणाचा, आडनाव वेगळं कसं? मी काय सांगू?" त्या बाईंना मी दोष देत नाही. ज्या मुलाला उद्या जेवण मिळेलच याची खात्री कधी नव्हती ते मूल पोळी साठवतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी, हे कुठे ठरलेलंही नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे, आणि जितकं वाचलं तितकं एक मत पक्कं होत गेलं. प्रतिपालक कुटुंबाला आपण मुलाच्या खाण्यापिण्याचे, कपड्यालत्त्याचे, वह्यापुस्तकांचे पैसे देऊ करतो. त्या मुलावर लक्ष ठेवायला माणूस लागतो, दिवसाचे ठरावीक तास लागतात, हा खर्च मात्र आपण धरलेलाच नाही. तो धरला नाही तर ही व्यवस्था कागदावरच राहील, कारण मूल घरात घेणारी माणसं मन नसल्यामुळे मागे हटत नाहीत, दुपारच्या पाच तासांपाशी हटतात.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये प्रतिपालकत्वाची तरतूद आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला समितीच्या आदेशाने दुसऱ्या कुटुंबात ठेवता येतं. मुलाचं शिक्षण, आरोग्य, पोषण आणि एकूण सुस्थिती यांची जबाबदारी त्या कुटुंबावर असते. राज्याने जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत दरमहा पैसे द्यायचे, समितीने दरमहा पाहणी करायची, आणि कुटुंब देखभालीत कमी पडतंय असं दिसलं तर मूल तिथून काढून दुसऱ्या कुटुंबात हलवायचं. हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलाच्या सुरक्षिततेसाठी ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण कमी पडणं आणि काढून घेणं यांच्या मध्ये एक पायरी हवी, ती तिथे नाही. कमी का पडलं, निष्काळजीपणामुळे की दुपारी घरी थांबायला कुणी नव्हतं म्हणून, हे विचारणारी आणि दुसरं कारण असेल तर माणूस मिळवून देणारी पायरी. पाळणाघरानं नाकारलेलं मूल दुपारी कुलूपबंद घरात एकटं सापडलं, तर पाहणीच्या अहवालात काय लिहिलं जाईल? आणि ज्याची आधीच दोन-तीन घरं बदलून झाली आहेत त्या पोराला आणखी एकदा पिशवी भरायला लावायची?

आता पैशांचं बघू. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रतिपालकत्वातल्या मुलासाठी महिन्याला 4,000 रुपये आहेत. पूर्वी हीच रक्कम 2,000 होती. महाराष्ट्राची स्वतःची बालसंगोपन योजना आहे. सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलेल्या या योजनेत आधी महिन्याला 425 रुपये मिळायचे, मग 1,100 झाले आणि 2023 पासून 2,250. अनाथ, एकच पालक असलेली, आईवडील दुर्धर आजारी असलेली मुलं यात येतात आणि त्यांतली बरीचशी आजी, मावशी, काका अशा नातेवाइकांकडेच वाढतात. वाढ झाली ही चांगली गोष्ट आहे, ज्यांनी ती मागून घेतली त्यांचे उपकार आहेत. तरी 2,250 ला तीसनं भागलं की दिवसाला 75 रुपये होतात. त्यात दूध, भाजी, वही, औषध बसवायचं. 4,000 मधून ताईंच्या पाळणाघराचे साडेतीन हजार गेले की उरले पाचशे. ताईंचा तर पहिला हप्ता यायलाच पाच महिने लागले. पगारावर निभावलं म्हणून निभावलं. मजुरीवर जगणाऱ्या आजीनं काय केलं असतं?

पण रकमेपेक्षाही मला तासांचा हिशेब महत्त्वाचा वाटतो. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवून दिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. सहावी ते आठवीला 220 दिवस, 1,000 तास. हे किमान आहे, शाळा याहून जास्त भरते, हे खरं. तरी रोज नोकरीला जाणाऱ्या बाईचे वर्षाला तीनशेच्या आसपास दिवस जातात, तेही प्रवास धरून दहा-दहा तास. या दोन आकड्यांमधली फट भरणार कोण? दिवाळीची सुट्टी, मे महिना, निवडणुकीला शाळा मतदान केंद्र झाली म्हणून सुट्टी, पाऊस फार झाला म्हणून सुट्टी. सख्ख्या आईबापांनाही ही फट जाणवते, पण त्यांच्या मागे आजी-आजोबा असतात, भाऊ-वहिनी असतात, वर्षानुवर्षांचे शेजारी असतात. प्रतिपालकाचे नातेवाईक कित्येकदा आधीच नाराज असतात. "कशाला नसती ब्याद घेतलीस?" असं एकदा तोंडातून गेलेल्या मामीकडे दुपारी मूल कसं ठेवणार?

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक वयाची आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. लहान बाळांना शक्यतो दत्तक द्यावं, त्यांना प्रतिपालकत्वात अडकवू नये, असं आपलं धोरण आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालकत्व आहे ते मुख्यतः सहा वर्षांवरच्या मुलांसाठी. आता सरकारी पाळणाघरं बघा. मिशन शक्तीतली 'पाळणा' योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. देशभर 17,000 अंगणवाड्यांना पाळणाघरं जोडायचं उद्दिष्ट आहे, तीही याच वयाची. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेली अंगणवाडीही सहा वर्षांपर्यंतच. म्हणजे एका खात्यानं जिथे पाळणाघराचं दार लावून घेतलं, तिथूनच त्याच खात्याची दुसरी योजना मूल कुटुंबात पाठवायला लागते. सहा वर्षांच्या मुलाला दुपारी कुणी नको, असं कुणालाही वाटत नसणार. दोन योजना दोन टेबलांवर आखल्या गेल्या, एवढंच.

त्या 2024 च्या सूचनांनी एक धाडसी दारही उघडलं. 35 ते 60 वयाची एकटी व्यक्ती, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, विभक्त, आता प्रतिपालक होऊ शकते. दोन वर्षं सांभाळल्यानंतर, मूल कायद्यानं दत्तकासाठी मोकळं असेल तर, ते दत्तकही मागता येतं. पूर्वी त्याला पाच वर्षं लागत. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्या शहरांत अशा कितीतरी बाया आहेत ज्यांच्या घरात एक खोली आहे आणि मनात जागा आहे. पण एकटी बाई म्हणजे कमावती बाई. तिला मूल द्यायचं आणि तिच्या कामाच्या तासांचा विचार करायचा नाही, हे जमणारं नाही. 2017 मध्ये प्रसूती लाभ कायदा सुधारला, तेव्हा दत्तक घेणाऱ्या आईला रजा मिळाली, सरोगसीतून मूल मिळणाऱ्या आईला मिळाली. प्रतिपालक आईचा उल्लेखच नाही. मूल घरी आलं त्या आठवड्यात ताईंनी चार दिवस बिनपगारी घेतले. पाचव्या दिवशी सकाळी तो दाराला धरून उभा राहिला, आवाज न करता रडत. त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"ज्याला वेळ नाही त्यानं मूल घेऊच नये," असं मला एका सुशिक्षित, सज्जन गृहस्थांनी ऐकवलं. वरवर पाहता पटण्यासारखं आहे. पण हा नियम लावला तर प्रतिपालक उरतील ते एकाच्या कमाईवर चालणारी, दुसरा दिवसभर घरी असणारी सुस्थित घरं, आणि त्यांतली किती पुढे येतात हे आपण पाहतोच. हा नियम कुणी सख्ख्या आईबापांना लावत नाही. दोघंही नोकरीला जातात, मूल पाळणाघरात वाढतं, त्यांना कुणी अपात्र ठरवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, तो टाळून चालणार नाही. मूल जर दिवसाचा निम्मा वेळ पाळणाघरातच राहणार असेल तर बालगृह काय वाईट होतं? याचं उत्तर बुखारेस्टमध्ये झालेल्या एका अभ्यासात आहे. रोमानियातल्या अनाथालयांतली 136 लहान मुलं घेऊन संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी प्रतिपालक कुटुंबांत पाठवली. पुढे वर्षानुवर्षं दोन्ही गटांकडे पाहिलं, तेव्हा कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळा जोडण्याची शक्ती संस्थेतल्या मुलांपेक्षा चांगली वाढलेली दिसली. ती अगदी तान्ही-रांगती मुलं होती, आपल्याकडची मोठी आहेत, हा फरक मी विसरत नाही. पण मुलाला काय हवं असतं ते यातून कळतं. दिवसभर कुठेही असलं तरी संध्याकाळी घ्यायला येणारं माणूस तेच, उद्याही तेच, परवाही तेच. बालगृहात सांभाळणाऱ्या बाईची पाळी संपते. ताईंची संपत नाही.

बालगृहाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक गोष्ट सांगते. बालगृहाला मंजुरी देताना सरकार गृहमाता, काळजीवाहक, स्वयंपाकी, समुपदेशक यांची पदं धरतं, त्यांचं मानधन धरतं. मुलावर लक्ष ठेवणं हे काम आहे आणि त्याला पैसे पडतात, हे सरकारला तिथे मान्य आहे. तेच मूल घरात आलं की ते काम अदृश्य होतं. घरात बाई असते, ती बघेल. ही जुनी सवय आहे. अंगणवाडी सेविकेला आजही पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं, तेही याच सवयीतून आलं.

अमेरिकेत 1980 च्या कायद्यात प्रतिपालक कुटुंबाला द्यायच्या निर्वाहखर्चाची व्याख्या केली आहे. त्यात अन्न, वस्त्र, निवारा यांच्याच रांगेत 'दैनंदिन देखरेख' हे शब्द आहेत. पुढे नियमांनी ते अधिक स्पष्ट केलं. पालक कामावर असताना आणि मूल शाळेत नसताना लागणाऱ्या परवानाधारक पाळणाघराचा खर्च त्यात धरता येतो, आणि सुनावणीला किंवा प्रतिपालकांच्या प्रशिक्षणाला जाताना मूल ठेवावं लागलं तर तोही. इंग्लंडमध्ये 2017 साली नोकरदार पालकांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याला 30 तास मोफत पाळणाघर सुरू झालं, तेव्हा प्रतिपालकांकडची मुलं त्यातून वगळली होती. प्रतिपालकांनी आणि त्यांच्या संघटनांनी आवाज उठवला, आणि सप्टेंबर 2018 पासून ती मुलंही आत आली. तिथेही सगळं आलबेल नाही. अमेरिकेत साडेतीन लाखांच्या घरात मुलं प्रतिपालकत्वात असतात, तिथे पाळणाघरांच्या जागा अपुऱ्या आहेत, राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. तरीही 'दैनंदिन देखरेख' हे दोन शब्द कायद्यात असणं आणि नसणं यात फरक आहे. शब्द असला की त्याच्यासाठी भांडता येतं.

आणि आपल्याला हे शिकायला इतकं लांब जायची गरजही नाही. 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत का येत नाहीत हे त्यांनी नुसतं विचारलं नाही, जाऊन पाहिलं. मोठी बहीण लहान भावंडाला कडेवर घेऊन बसलेली, भाऊ गुरांमागे गेलेला. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. विकासवाडी म्हणतात ती हीच. गुराखी मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. सांभाळणं आणि शिकवणं या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी आहेत असं त्यांना कधी वाटलं नाही. तो विचार या मातीत झालेला आहे, पाळण्याची ती वयोमर्यादा मात्र नंतर आली.

मग करायचं काय? माझ्या डोळ्यांसमोर पहिली जागा येते ती जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा. दुपारनंतर वर्ग रिकामे असतात, पाण्याची सोय असते, पोषण आहाराचं स्वयंपाकघर असतं. तिथे संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत सहा ते बारा वर्षांच्या मुलांचा गट चालवायला दोन प्रशिक्षित बाया लागतील. तो सगळ्याच कष्टकरी घरांतल्या मुलांसाठी असावा, प्रतिपालकत्वातल्या मुलांना आधी जागा मिळावी आणि पैसे लागू नयेत. वेगळं केंद्र काढू नये, कारण 'ती तिकडची मुलं' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. जिथे शाळेत जमणार नाही तिथे घरगुती पाळणाघराची फी जिल्हा बाल संरक्षण कक्षानं थेट पाळणाघराला द्यावी. म्हणजे पैशाच्या आशेनं मुलं घेतील ही भीतीही राहणार नाही, कारण तो पैसा पालकाच्या हातात येतच नाही, मुलाच्या वाट्याला तासांच्या रूपानं येतो.

दुसरी गोष्ट फुकट होण्यासारखी आहे. समिती मूल सोपवण्याचा आदेश काढते त्याआधी गृहचौकशी होते. खोल्या किती, उत्पन्न किती, शेजारी काय म्हणतात, सगळं लिहिलं जातं. त्यात एक ओळ घालावी: शाळा सुटल्यापासून पालक घरी येईपर्यंत मूल कुणाकडे असेल? उत्तर नसेल तर अर्ज फेटाळू नये, ते शोधून देणं हे कक्षाचं काम आहे असं आदेशातच लिहावं. आणि पाळणाघराच्या काकूंशी एकदा कुणीतरी अर्धा तास बोलावं. मुलाची कहाणी सांगू नये, ती त्याची आहे. एवढंच सांगावं की हा पोळी लपवेल, रागावू नका, त्याच्या हाताशी एक डबा ठेवा ज्यात कायम काहीतरी असेल. आडनावाचं कुणी विचारलं तर "माझ्याकडचा आहे" एवढं उत्तर पुरतं.

पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असं 2017 च्या सुधारणेनं ठरवलं. तिथे प्रतिपालकत्वातलं मूल कामगाराचंच मूल धरलं जावं, हा एका परिपत्रकाचा प्रश्न आहे. रजेचंही तसंच. सहा महिने नकोत, मूल घरी येताना पंधरा दिवस भरपगारी द्या. आणि समितीपुढच्या तारखेचा दिवस कामाचा धरा. तालुक्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी मूल घेऊन जाण्यात अख्खा दिवस आणि एक रोज बुडतो.

माझ्याकडे येणाऱ्या मुलासाठी मी स्टुलाशेजारी बिस्किटांचा एक डबा ठेवला आहे. झाकण त्यानंच लावायचं, त्यानंच उघडायचं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्यानं दप्तर काढून त्या डब्याला टेकवून ठेवलं. मी काही बोलले नाही. आता तो गृहपाठ करतो, उशिरापर्यंत खिडकीतून खालची मांजरं बघतो, कधी माझ्याबरोबर लसूण सोलतो. पण मी साठीची आहे, गुडघे दुखतात, आणि मी शेजारीण आहे, व्यवस्था नाही. मे महिन्यात माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे, मी महिनाभर कोल्हापूरला असेन. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घेतलं, पेन्सिलीनं सुट्टीच्या दिवसांवर गोल करत गेल्या. सदतीस झाले. "दोन दिवसांचं बघते मी," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल तशीच हातात धरून उरलेल्या पस्तीसांकडे बघत राहिल्या.